आत्याबाईंचा आवाज थांबवायचा कसा

शेतातली वस्ती,
कुंभार पिंपळगाव
फेब्रुवारी २००३

चि. देवानंद भाऊजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. (नात्यानं मी मोठी, वयानं तुम्ही मोठे आणि शिक्षणाचं तर बोलायलाच नको. त्यामुळे आशीर्वादात थोडा नमस्कार मिसळला आहे, तो तुमचा तुम्ही निवडून घ्या.) इकडं सगळे खुशाल आहेत. आत्याबाईंचे गुडघे थंडीत आखडले होते, ते ऊन तापायला लागल्यापासून मोकळे झालेत. तुमच्या दादांची दाढ होती तशीच आहे. जालन्याला दाखवायला चला म्हटलं की दुखायची थांबते, आणि बस निघून गेली की पुन्हा सुरू होते. बेबीनंदा बरी आहे. जेवते कमी आणि हसते जास्त, त्याचं कारण पुढं येईलच. तुमचं कसं चाललंय? मेसच्या भाजीत अजून नुसतं पाणीच असतं का, की आता भाजीपण घालतात?

पत्र लिहायचं कारण तुमचा कॉम्प्युटर. फोनवर सांगता आलं असतं, पण एसटीडी बूथवर आपण बोलत असताना मागं पाच माणसं आपला नंबर लागायची वाट बघत कान देऊन उभी असतात, आणि ही गोष्ट गावाला आधीच पाहिजे त्यापेक्षा जास्त कळलेली आहे.

तुम्ही दिवाळीत तो आणलात तेव्हा मला वाटलं होतं, चित्रं दिसतील, रंगीत काहीतरी हलेल. निघाला नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. त्याला माऊस नाही (आणि खऱ्या उंदरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात वायर कुरतडली). तरी मी शिकले. प्ले लिहायचं, जागा सोडायची, फाईलचं नाव लिहायचं आणि मोठं बटण दाबायचं, की गाणं लागतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं, की लगेच म्हणतो, अशी फाईल नाही. फाईल तर तिथंच असते! पण हे मला नवीन नव्हतं. तुमच्या दादांना कपाटात समोर ठेवलेला टॉवेल गेली सात वर्षं सापडत नाही, त्यामुळे या स्वभावाशी मी जुळवून घेतलेलं आहे. आठ दिवसांत मी न बघता अक्षरं दाबायला लागले. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, सून टिकटिक करते अन् पेटी गाती.

मग संक्रांतीला तुम्ही ते दुसरं काम करून गेलात, आणि सगळं तिथून सुरू झालं. जवारी हुरड्यात आली होती, पोपटांचे थवेच्या थवे उतरत होते, आणि आत्याबाईंना मचाणावर चढायला गुडघे देईनात. त्यांच्या आवाजाची बरोबरी गोफणीला येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून तुम्ही म्हणालात, आईचा आवाज भरून घेऊ आणि भोंग्यावर लावू. त्यांना ओसरीत बसवून तुम्ही म्हणालात, डोळ्यांपुढं पोपट आण. त्यांना काही केल्या पोपट आणता येईनात. हळूच हाड म्हणायच्या आणि माझ्याकडं बघून लाजायच्या. तेवढ्यात शेजारच्या कोंबड्या आपल्या वाळत घातलेल्या डाळीवर आल्या आणि मग जे निघालं ते तुम्ही सगळंच्या सगळं भरून घेतलंत. ते असं आहे (आता मला झोपेतसुद्धा पाठ आहे): "हाऽऽड! हाऽऽड मेल्यांनो! फुकट खायला आले का? लाज न्हाई, शरम न्हाई, दुसऱ्याच्या दारात येऊन चोची चालवून राह्यले! पोटं हैत का पोती? उठा! आल्या वाटंनं चालते व्हा!" मग दम घ्यायचा आवाज. मग एकदम साध्या आवाजात, "सत्यशीला, तांब्या आण गं, घसा वाळला." आणि पुन्हा पहिल्यापासून हाड.

तेवढा तांब्या कापून टाका असं मी तेव्हाच म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, असू द्या वहिनी, पोपटांना काय कळतंय. पोपटांना कळत नाही हे खरं, पण मला कळतं. पहिले दोन दिवस शेतातून हाक आली की मी तांब्या भरून ओसरीत यायचे आणि आत्याबाई तिथं शांतपणे वाती वळत बसलेल्या असायच्या. त्यासुद्धा पाणी पिऊन घ्यायच्या. म्हणायच्या, आता आणलंच हाय तर दे.

काम मात्र बराबर झालं. आपल्या जवारीवर पाखरू बसेना. सगळे पोपट बांधापलीकडं कचरूभाऊंच्या रानात गेले. ते येऊन म्हणाले, "वैनी, मावशीला म्हणावं आमच्याबी वावराकडं तोंड करून जरा वरडत जा." तुम्ही सगळं आपोआप केलं होतं हेही कबूल. लाईट आली की कॉम्प्युटर जागा होतो आणि कुणी काही न लिहिता आत्याबाई सुरू होतात. मचाणावर एम्प्लिफायर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, तो तुमचे दादा संध्याकाळी जाऊन बंद करतात. उंदरांच्या भीतीनं तुम्ही कॉम्प्युटरचा डबा कोनाड्यात ठेवून बटणासकट सगळ्यावर पुढून जाळी ठोकलीत, तेही चांगलं केलंत. फक्त पुण्याची गाडी धरायच्या घाईत एक सांगायचं राहिलं. हे थांबवायचं कसं?

आता बेबीचं. तुम्हाला माहीतच आहे की तुमच्या बहीणबाईंनी दोन स्थळं नाकारली. पहिला मुलगा म्हणत होता, मला सगळं येतं. मोटर दुरुस्त करता येते, इंग्रजी येतं, वकिलीतलंसुद्धा कळतं. दुसरा, आपल्या बहिणीच्या हातून चहा सांडला म्हणून, सगळ्यांसमोर तिला असं बोलला की आपल्याच ओसरीत आपणच मान खाली घातली. बेबी मला चुलीपाशी म्हणाली, "वैनी, काळा असू दे, गोरा असू दे, मला चिडका नको. अन् सगळं येतं म्हणणारा तर बिलकुल नको." हे मी तुमच्या दादांना सांगितलं, तर त्यांची दाढ ठणकली. म्हणाले, "आता तिसऱ्याला न्हाई म्हणली तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार न्हाई." आणि ते तसे एकदा बोलले की बोलले, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बेबी त्या दिवशी जेवली नाही.

तिसरं स्थळ राजूरचं. मुलगा धर्मराज, गणपतीच्या रस्त्याला झेरॉक्स आणि कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान, घरची थोडी शेती. वडील सर्जेराव, आई नंदाबाई. माणसं चांगली, पण मध्यस्थानं हळूच कानावर घातलं की त्यांच्याकडं कुणीतरी सांगितलंय, मुलीच्या आईचं तोंड फार मोठं आहे, आणि खाण तशी माती. तुमच्या दादांनी आत्याबाईंना बसवून समजावलं की पाहुण्यांपुढं हळू बोलायचं, कमी बोलायचं, आणि जमलं तर बोलायचंच नाही. आत्याबाई म्हणाल्या, "मी काय येडी हाय का?" (हे त्या इतक्या जोरात म्हणाल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.)

पाहुणे रविवारी दुपारी आले. सकाळपासून लाईट गेलेली, ती चारशिवाय येत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मचाणावर जाऊन एम्प्लिफायर बंद करायचं कुणाच्याही मनात आलं नाही. तुमचे दादा सकाळपासून ओसरी सारवण्यात, सतरंज्या गोळा करण्यात आणि दाढ धरण्यात गुंतले होते. पाहुणे टेकले. बेबी पोहे देऊन नमस्कार करून आत गेली. मुलगा नुसता पोह्याकडंच बघत बसला. नंदाबाईसुद्धा इतक्या हळू बोलत होत्या की दोनदा "काय म्हणल्या?" असं विचारावं लागलं. आत्याबाई त्यांच्याहून हळू. दोघी बायका एकमेकींकडं बघून नुसते ओठ हलवत होत्या. मग आत्याबाईंना वाटलं की एकदा स्पष्टच सांगावं. म्हणाल्या, "आमच्या घरात चढ्या आवाजात बोलायची पद्धतच न्हाई."

तेवढ्यात पंखा फिरायला लागला. सर्जेराव खूश होऊन म्हणाले, "वा, लाईट आली." तुमचे दादा हसले, माझ्याकडं बघितलं आणि त्यांचं हसू तसंच तोंडावर वाळलं. तुमच्या कॉम्प्युटरला जागं व्हायला जो वेळ लागतो त्यात पाहुण्यांनी पोह्याचा दुसरा घास घेतला होता, आणि शेतातून, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा आवाज आला. फुकट खायला आले का?

नंदाबाईंचा हात पोह्यातच थांबला. लाज न्हाई, शरम न्हाई, दुसऱ्याच्या दारात येऊन चोची चालवून राह्यले. सर्जेरावांनी बशी खाली ठेवली. पोटं हैत का पोती? आल्या वाटंनं चालते व्हा! सगळे आत्याबाईंकडं बघायला लागले, तर आत्याबाई तोंड मिटून बसलेल्या. त्यांनी मान हलवून अगदी बारीक आवाजात सांगितलं, "शेजारीन हाय. सगुणाबाई. लई तोंडाळ हाय बिचारी." (सगुणाबाई कचरूभाऊंच्या घरातल्या. त्यांना आयुष्यात कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही.) नंदाबाईंनी एक सुस्कारा सोडला, बशी पुन्हा उचलली, आणि शेतातून आवाज आला, "सत्यशीला, तांब्या आण गं, घसा वाळला."

भाऊजी, सवयीला काय करावं. मी उठले, "आले आत्याबाई" म्हणाले आणि तांब्या भरून आणून आत्याबाईंच्या पुढं ठेवला.

त्यानंतर ओसरीत फक्त भोंगा बोलत होता. मी आत पळाले. तुम्ही सांगितलं होतं की काही अडलं तर कंट्रोल धरून सी दाबायचं. दाबलं. आत्याबाई मध्येच, पोटं हैत का, इथं थांबल्या. माझ्या जिवात जीव आला. आणि लगेच पहिल्यापासून, हाऽऽड मेल्यांनो! पुन्हा दाबलं, पुन्हा थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आधी निदान दम घ्यायला आणि पाणी मागायला त्या थांबत तरी होत्या. मी जितक्या जल्दी दाबू तितक्या जल्दी पाहुण्यांना नुसतं हाड, हाड, हाड ऐकू जायला लागलं. शेवटी मी भिंतीवरच्या बोर्डातून प्लगच उपटला. सगळं शांत झालं. पंखापण त्याच प्लगवर होता, तोही थांबला. मी डोक्यावरचा पदर सारखा करून बाहेर यायला निघाले, तर सर्जेराव घाम पुसत म्हणाले, "धर्मा, बघ रं, पिन ढिली झाली वाटतं." आणि तो मुलगा आत आला, माझ्या तोंडाकडंसुद्धा न बघता त्यानं प्लग बसवला आणि हात झटकून माझ्याकडं बघून हसला. मी हसले नाही.

पडद्यावर अक्षरं पळायला लागली तशी मीच त्याला म्हणाले, "अहो, ते आता पुन्हा बोलंल. तुमचं कॉम्प्युटरचं दुकान हाय ना? बंद करा." तो खाली बसला. टेबलावर बघितलं, टेबलाखाली बघितलं. "माऊस कुठंय?" मी म्हटलं, न्हाई. त्यानं दोन-तीन बटणं दाबली, आत्याबाई पुन्हा सुरू झाल्या, आणि तो हात मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाला, "वैनी, मला हे येत न्हाई. असलं मी कधी बघितलंच न्हाई." बस, एवढंच. चिडला नाही, बटणं आपटली नाहीत, मशीन खराब हाय म्हणाला नाही. स्वयंपाकघराच्या दारामागं बेबी उभी होती. ती म्हणाली, "वैनी, मचाणावरून बंद करावं लागंल," आणि मागच्या दारानं निघालीसुद्धा. बघायच्या कार्यक्रमाची साडी, नवी चप्पल हातात, आणि जवारीतून धावतेय. मुलगा एक क्षण थांबला, मला म्हणाला, "शिडी धरायला कुणी लागंल का?" शिडी नाही, बांबूच्या खाचा आहेत, पण मी म्हटलं, लागंल.

इकडं ओसरीत नंदाबाईंनी आत्याबाईंना सरळ विचारलं, "खरं सांगा, हा तुमचाच आवाज हाय ना?" तुमचे दादा मध्ये काही बोलायला गेले तर आत्याबाईंनी त्यांना हातानं बसवलं. आणि मग, इतका वेळ दाबून ठेवलेला सगळा आवाज एकदम सोडून म्हणाल्या, "माझा हाय! माझ्या पोरानं भरलाय. जवारी माझी, पाखरं माझ्या जवारीवर! मंग काय आरती वोवाळू का त्यांना?" सारवलेल्या भिंतीचा पोपडा पडला असं मला वाटलं. सर्जेराव चपला शोधायला लागले.

नंदाबाई मात्र पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, भाऊजी, इतक्या की ठसका लागला आणि तो तांब्या शेवटी त्यांच्याच कामी आला. म्हणाल्या, "बाई गं, मला घरून निघताना धर्मानं शपथ घातली, तिथं हळू बोल म्हणून. सकाळपासून तोंड दाबून दाबून माझं डोकं उठलं." आणि मग सर्जेरावांकडं वळून, पुण्यापर्यंत यावा अशा आवाजात, "बसा वो खाली! कुठं चालले?" सर्जेराव बसले. त्यांच्या बसण्यावरून मला कळलं की ते रोजच असे बसत असतील.

मग तासभर जे झालं त्याला बघायचा कार्यक्रम म्हणता येणार नाही. नंदाबाई म्हणाल्या, तुमचं हाड चांगलं हाय पण सुरुवात लांबट होती, तोपर्यंत पाखरू दोन दाणे गिळतं. त्यांनी आपली पद्धत करून दाखवली, ती आधी जिभेवर वाजवून मग एकदम वर नेतात. आत्याबाई म्हणाल्या, ती चिमण्यांना चालंल, पोपटाला न्हाई चालायची. दोघी ओसरीच्या कडेला उभ्या राहून आळीपाळीनं ओरडत होत्या. कचरूभाऊ बांधावरून बघून गेले. भोंगा कधी बंद झाला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. एम्प्लिफायरचं एक बटण बंद करायला बेबी आणि धर्मराजला बराच वेळ लागला, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे मी सोडून.

जाताना नंदाबाई म्हणाल्या, आमच्याकडून होकार हाय, पोरीला विचारा. तुमच्या दादांनी रात्री विचारलं, तर बेबी म्हणाली, विचार करून सांगते. त्यांनी दाढ धरली. पण बुधवारी धर्मराज मोटारसायकलवर राजूरहून आला. म्हणाला, तो आवाज थांबवायचा कसा ते बघतो. दुपारभर काळ्या पडद्यापुढं बसला. बेबीनं त्याला प्ले लिहायला शिकवलं, जागा कुठं सोडायची ते शिकवलं. त्याच्या हातून दहा वेळा चुकलं, तो दहा वेळा तिच्याकडं बघून हसला. शुक्रवारी पुन्हा आला. आत्याबाई म्हणतात, पोरगं कष्टाळू हाय, पण राजूरहून येऊन-जाऊन अर्धा दिवस मोडतो, पेट्रोलचा खर्चा वेगळा.

पुन्हा पाहुण्यांपुढं सुरू होऊ नये म्हणून आता आम्ही एम्प्लिफायरची वायर काढून ठेवली आहे. कॉम्प्युटर लाईट आली की आपला आतल्या आत ओरडत असतो. पोपट परत आलेत, आत्याबाई गुडघे चोळत मचाणावर जायला निघतात, आणि त्यांना अडवता अडवता माझा घसा वाळतो. तरी कृपा करून हे पत्र मिळताच, थांबवायचं नेमकं काय लिहायचं ते मोठ्या अक्षरात, जागा कुठं सोडायची त्यासकट, कळवावं. काम अगदी जल्दीचं आहे असं समजा.

तब्येतीला जपा. तुमच्या दादांनी सांगितलंय की पत्रात त्यांच्या दाढेचं लिहू नको, म्हणून लिहिलेलं नाही असं समजावं.

तुमची वहिनी,
सत्यशीला

ता. क. शेंगदाण्याची चटणी कचरूभाऊंच्या भाच्याबरोबर पाठवली आहे. डबा परत पाठवा. मागचे तीन आलेले नाहीत.

ता. क. पत्र बंद करताना बेबीनं वाचायला घेतलं. तिचं म्हणणं आहे की सगळं खरं आहे, पण मचाणावर बराच वेळ लागला हे खोडा. मी खोडते म्हणाले.

ता. क. बेबी चहा टाकायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. मी वर जे विचारलंय त्याचं उत्तर आत्ता पाठवू नका. धर्मराज तुमच्या ऑफिसात फोन करणार आहे, नंबर तिनंच दिलाय. तोही हेच विचारेल. तुम्हाला येत असेलच, पण येत न्हाई म्हणून सांगा. दोन्ही घरचे तारीख धरेपर्यंत पोपट खातील तेवढी जवारी खाऊ द्या. हे माझं नाही, तिचं सांगणं आहे. आणि त्यानं अगदीच गळ घातली, तर बेबी म्हणते, देवानंददादाला म्हणावं एका फोनला एकच अक्षर सांग.